ताईच्या सर्व्हरवरची प्रत

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थाचा कुणावरच विश्वास नव्हता, कंपन्यांवर तर मुळीच नाही. म्हणून घरच्यांच्या गप्पांसाठी त्याने स्वतःचा सर्व्हर थाटला होता, स्वयंपाकघरात, फ्रिजच्या डोक्यावर. बायको त्याला 'तुमचा लाडका डबा' म्हणायची, पण निरोप मात्र त्यावरूनच पाठवायची: दळण आणा, टोपी विसरलात, रागावले नाहीये, जेवायला या.

त्याची ताई ग्रंथालयात कामाला होती आणि ग्रंथालयाच्या सर्व्हरवर होती. सर्व्हर वेगळे असले तरी ते एकमेकांशी बोलतात, त्यामुळे घरचा ग्रुप एकच होता. त्यातल्या प्रत्येक निरोपाची एक प्रत याच्या डब्यात राहायची, एक ग्रंथालयात.

बायको आजारपणात गेली. सगळे पांगल्यावर ताई म्हणाली, "ती तिकडे दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती आणि तू घरी डब्याशी खेळत होतास." खरं तर डॉक्टरांनीच त्याला झोपायला घरी पिटाळलं होतं, आणि झोप येईना म्हणून तो डबा उघडून बसला होता. पण खुलासा करेल तर तो हा कसला! त्याने घरी येऊन ताईला ब्लॉक केलं. तेवढ्याने राग शमेना, म्हणून आपल्या डब्याचं दार अख्ख्या ग्रंथालयाच्या सर्व्हरलाच बंद करून टाकलं. एका ताईपायी बिचारे सगळे ग्रंथपाल वाळीत पडले. त्यांना पत्ताही नव्हता.

मग एके दिवशी डबा बसला. डिस्क गेली. बॅकअप होता, पण त्याच डिस्कवर. लिफ्टला दुसरा दोर बांधायचा आणि तोही पहिल्याच हुकाला अडकवायचा, असं काम एखाद्या शिकाऊ पोराने केलं असतं तर याने त्याला फाडून खाल्लं असतं. बायकोचे सगळे निरोप गेले. तो ओट्यापाशी उभ्या उभ्या रडला.

आता प्रत उरली होती ती एकाच ठिकाणी. नवी डिस्क बसवली, सर्व्हर पुन्हा उभा केला (जुन्या डिस्कबरोबर ब्लॉकही गेले होते) आणि नाक मुठीत धरून त्याने फोन लावला.

"ताई, मला ग्रुपमध्ये परत घे."

"तू बाहेर कधी गेलास?"

"घे गं. सांगतो मग."

तिने घेतलं. ग्रंथालयाकडून जुने निरोप येऊ लागले, आधी अलीकडचे. ते बायकोचे नव्हते. ताईचे होते.

'बरा आहेस का?' 'तुझ्या घराखालून गेले. दिवा होता. वर यायचा धीर झाला नाही.' त्याच्या आधीचा: 'डॉक्टर भेटले. त्यांनीच तुला घरी पाठवलं होतं म्हणे. मी भलतंच बोलले रे. माफ कर.'

एकेक निरोप त्याच्या दारापर्यंत आला होता आणि दाराने परतवून लावला होता. ताईच्या फोनवर मात्र प्रत्येक निरोप गेलेलाच दिसत होता.

"आहेस ना?" ताईने विचारलं.

"तू माफी मागितलीस..."

"मागितली की, केव्हाच. तू वाचून गप्प बसलास. म्हटलं, असेल राग. तुझा हक्कच होता."

"ताई, मी आत्ता वाचतोय."

पलीकडून किल्ल्यांचा आवाज आला. मग ती म्हणाली, "घरीच थांब. मी येते."

बायकोचे निरोप त्याहून जुने, ते अजून यायचे होते. तो उठला आणि दाराची कडी काढून ठेवली.