अळणी उपास

"आज जेवाले काय केलं होतं?"

रोग्याच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधण्यापूर्वी आमच्या नर्सबाई हे हमखास विचारायच्या. मग भाजी कोणती, लोणचं किती, सून कशी, इथवर गप्पा पोचायच्या आणि मी आत चरफडत बसायचो. पुण्याहून नुकताच डॉक्टर होऊन आलेला मी. आर्वी तालुक्यातल्या त्या लहानशा दवाखान्यात आपण विज्ञान घेऊन आलो आहोत, अशी माझी समजूत होती. विज्ञान आलं होतं, पण त्याला वऱ्हाडी येत नव्हतं.

एकदा रोहण्याच्या एक आजी आल्या. "डोक्शात भवरा फिरून राह्यला," म्हणाल्या. भुंगा शिरला असेल म्हणून मी त्यांच्या कानात बॅटरी मारली. बाईंनी मागून हळूच सांगितलं, "चक्कर येते म्हणतात त्या, साहेब."

बाईंच्या गप्पांना वेळ न देता मीच रक्तदाब मोजला, तर पारा पार वर. मी सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या, "मीठ बंद!" असं दरडावलं आणि कागदावर तेच लिहून खाली दोन रेघा ओढल्या. आजींना वाचता येत नव्हतं. रेघा तेवढ्या दिसल्या असतील.

पंधरा दिवसांनी पुन्हा मीच मोजला, तर पारा आणखी वर. "मिठाले हातबी नाई लावला, बाप्पा," आजी म्हणाल्या.

"खोटं बोलू नका!" मी ओरडलो.

आजी उठल्या, पदर सावरला आणि निघून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. आठवड्याने निरोप आला, की त्या अंगणात पडल्या आणि तासभर वाचा गेली होती. बाईंनी यंत्राची पेटी उचलली आणि म्हणाल्या, "चला साहेब, रोहण्याले जाऊ."

आजींनी मला खाट दिली, कपबशीत चहा दिला. बाईंना दाराशी पोतं आणि कान तुटलेला कप. बाईंनी वर्षभरापूर्वी नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती; त्याआधी कोण होत्या, तेवढंच गावाला ठाऊक होतं. मी स्वतःला मोठा सुधारक समजायचो. तो दुसरा कप मला दिसला, पण माझा चहा पिऊन झाल्यावर.

बाईंनी पट्टा आजींच्याच हाती दिला. "तुम्हीच गुंडाळा, मी सांगते." मग तो नेहमीचा प्रश्न. आजींनी सगळं सांगितलं. प्रेशर उतरावं म्हणून त्यांनी रोजचा उपास धरला होता. भगर, बटाटे, शेंगदाणे आणि सगळ्यात शेंदेलोण. "ते काई मीठ नाई. उपासाचं हाय." गोळ्या कोनाड्यात जशाच्या तशा होत्या. उपासाला औषध कसं चालेल?

"उपास सो—" मी तोंड उघडलं. बाईंनी माझ्या बुटावर पाय दिला.

"उपास मोडू नका, आजी. पण धरा तं कडक धरा. अळणी. शेंदेलोण बी नाई. अन् हे गोळी झाडाच्या मुळाची हाय. कंदमूळ उपासाले चालते ना?"

आजींनी बराच विचार केला. "चालते," म्हणाल्या.

परतताना बैलगाडीत मी विचारलं, "बाई, तुम्ही तर उपास मानत नाही?"

"मी नाई मानत. पण प्रेशर मह्यं हाय काय?"

"आणि तो कप?"

त्यांनी यंत्राची पेटी मांडीवर घेतली. "तेबी मोजू एखाद्या दिवशी. आज आजीचं मोजलं."

त्यानंतर बाई दर आठवड्याला रोहण्याला जात राहिल्या. मीही शेपटासारखा मागून. पारा उतरत गेला. पाचव्या खेपेला आजींनी पट्टा परत केला आणि दंड पुढे धरला. "तूच बांध वं माय. मले जमत नाई."

पट्टा त्यांना माझ्यापेक्षा चांगला जमत होता. बाईंनी तो बांधला. बांधताना एकदा नाक ओढलं. सर्दी झाली होती, असं नंतर मला सांगितलं.

पुढे त्यांची आष्टीला बदली झाली. तुम्हाला वाटेल, मी त्यांचे आभार मानले असतील. मानायलाच मोटारस्टँडपर्यंत गेलो होतो. पण ऐन वेळी औषधांची कपाटं, किल्ल्या, अपुरी राहिलेली वही असलं काहीतरी बोलत राहिलो. मोटार हलली. मी हात वर केला. खिडकीतून बाई दिसत होत्या. शेजारच्या अनोळखी म्हातारीचं मनगट त्यांच्या हातात होतं आणि त्या मान डोलावत तिचं ऐकत होत्या.