खुणा वाचणारे मुन्शीजी

चारठाण्याच्या जुन्या देवळात मुन्शीजी रोज जात, पण बसत ते देवाकडे पाठ करून. समोरच्या खांबावर ओलं फडकं फिरवायचं, दगडातल्या खुणा उजळल्या की वहीत उतरवून घ्यायच्या, हा त्यांचा नेम. कुणी नमस्कार केला तर मान न वळवता म्हणत, "थांबा, वाचायलोय."

मी तिथल्या शाळेत नवा मास्तर होतो. हैदराबाद संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. मुन्शीजींनी तहसील कचेरीत वीस वर्षं उर्दू कागद लिहिले होते आणि त्यांच्या अक्षराचं नाव जिल्ह्यापर्यंत गेलेलं. कारभार मराठीत आला आणि त्यांना घरी बसवलं. कारण एवढंच होतं. ते गावाला पटलं, त्यांना पटलं नाही.

त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. ही देवळं बांधणारे लोक विमानातून आले, जाताना आपली विद्या या खुणांच्या लिपीत ठेवून गेले, आणि निजामाचे अंमलदार काय, नवे काय, सगळ्यांनी मिळून ती दडपली. "ती लिपी पहिल्यांदा मला दिसली, मास्तर," ते आवाज उतरवून सांगत, "म्हून माझी नौकरी गेली. बाकी समदा बहाणा हाय." पुरावा मागितला तर म्हणत, "पुरावा ठिवला न्हाई, हाच पुरावा."

बायको वारलेली. जिंतूरला दिलेली लेक, सासरी वडिलांवरून हसतात म्हणून, यायची बंद झाली होती. त्यांच्या ओट्यावर माझ्याशिवाय कुणी टेकत नसे. मीही निम्मा करमणुकीसाठीच जाई, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्या वैशाखात वालूरहून कोंडाबाई पाथरवटीण जात्यांना टाकी लावायला, म्हणजे झिजलेले दगड टोचून पुन्हा खरबरीत करायला आली. आमच्या अंगणात तिनं चार घरची जाती एकदम उघडली. दगडांची सरमिसळ होऊ नये म्हणून प्रत्येक जात्याच्या वरच्या-खालच्या दगडाच्या कडेला ती छिन्नीनं सारखी खूण करी. मी बघतच राहिलो. त्या खुणा मुन्शीजींच्या वहीत होत्या.

तेव्हा माझ्या अंगात शहाणपणा फार. काम आटोपताच मी तिला देवळात घेऊन गेलो.

कोंडाबाईनं खांबावर बोट फिरवलं. "ही आमचीच खूण हाय, मुन्शीजी. कोन्ता दगड कोन्त्यावर बसवायचा, ते ध्यानात ऱ्हावं म्हून करत्यात. त्यात वाचायसारखं काई न्हाई." आणि तिनं वरच्या दगडावरची तशीच खूण दाखवली.

मुन्शीजी भांडतील म्हणून मी कंबर कसूनच आलो होतो. त्यांनी दोन्ही दगड पुन्हा पुन्हा पाहिले, वहीशी ताडून पाहिले. सारा जन्म कागद तपासण्यात गेलेला. समोर दिसतंय ते नाकारणं त्यांना जमलं नाही. कोंडाबाई आपल्या कामाला निघून गेली. मला जिंकल्यासारखं वाटत होतं, पण ते घटकाभरच.

"मंग मला काढलं कशापायी, मास्तर?" त्यांनी विचारलं.

आता ते कुणालाच नको होते, हे त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं? शाळेची वेळ झाली, असं सांगून मी उठलो. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.