कळलावीचा लेप

कळलावीचं फूल मला फार आवडायचं. ब्राह्मणपुरीला आमच्या शेताच्या कुंपणावर पावसाळ्यात तिचा वेल चढे. लाल-पिवळ्या पाकळ्या अशा वर उलटलेल्या, की चुलीतला जाळच वेलावर जाऊन बसलाय! खाली मातीत नांगराच्या फाळासारखा वाकडा कंद. तो विषारी, हे घरातलं शेंबडं पोरही सांगे. मलाही ठाऊक होतं. अक्कल तेवढी मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येताना सासरी विसरून आले होते.

सकाळपासून कळा येत आणि विरून जात. दुपारपर्यंत मी निम्मं गाव डोक्यावर घेतलं. शेवटी सुईणीनं तो कंद आणला. मायनं वाटणाचा पाटा पुढे केला, तर विष लागेल म्हणून तिनं त्याला शिवायचंही नाकारलं. अंगणातला एक फुटका दगड घेऊन त्यावर कंद उगाळला आणि माझ्या तळपायांना लेप दिला.

थोड्या वेळानं कळांनी असा जोर धरला, की पायाखालची जमीनच मला ढकलतेय असं वाटलं. नुसतं तळव्यांना लावून एवढं, तर मग चावून खाल्लं तर चुटकीसरशी सुटेन! केवढी मी हुशार. उरलेल्या कंदाकडे हात नेला, तोच मनगटावर सुईणीचा फटका बसला.

“खाशी ते तू भी जाशी नि लेकरू भी जाई! एवढी भूक लागनी का तुले, व माय?”

त्या कळांतही मला हसू फुटलं. आज नातसुनांना मी सरळ दवाखान्यात धाडते. त्या कंदाला हात लावायची माझी अजून छाती होत नाही.

त्या दिवशी मग एकदम बाळाचं रडणं ऐकू आलं. मायनं बाळ झेललं. दाराबाहेरून वडील ओरडले, “ओ मावशी, काय जयं? पोऱ्या का पोर?”

सुईणीनं बाळाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती माझ्या पायांशी बसून कोमट पाण्यानं तळवे धूत होती, बोटांच्या बेचक्यांतून फडकं फिरवत होती.

“मावशी, सांगा ना!”

“थांबा जरा,” ती म्हणाली. मग मला हळूच, “लेकरू वढी लिधं ना या लेपनी. आते तुले वढी. त्याले थांबता येस नही, आपलेच थांबाडनं पडस.”

ती माझा तळवा नाकाशी नेऊन हुंगत होती. पुन्हा धुतला. पुन्हा हुंगला. मगच स्वतःचे हात राखेनं घासले, मायच्या मांडीवरचं फडकं उचलून पाहिलं आणि दाराकडे तोंड करून म्हणाली,

“पोर शे. नि पोरनी माय भी शे.”