नव्या नाट्यगृहात मंदाताईंचं पद

यवतमाळच्या बाहेर नवं संगीत नाट्यगृह झालंय आणि जिल्ह्यातल्या नाटक मंडळांनाही तिथं प्रयोगाची तारीख मिळू शकते, हे कळल्यावर मला घाटंजीत चैन पडेना. अट एकच. गायकानं मुख्य रंगमंचावर माइकशिवाय एक पद म्हणून दाखवायचं. आमच्याकडं मंदाताई होत्या. कापसाचा हंगाम सरला की सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात आमचं नाटक व्हायचं, आणि भरल्या आवारापुढं त्या बिनामाइकच्या गायच्या. पुढं भाव पडले, जिनिंगला कुलूप लागलं, नाटकही थांबलं. आता ही तारीख मिळाली तरच मंडळ पुन्हा उभं राहणार होतं.

सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं निघालो. मी, मंदाताई आणि पेटीवाले देवरावभाऊ. रस्ता मधेमधे उखडलेला आहे, मागच्या सीटवर बसू नका. प्रत्येक खड्ड्याला देवरावभाऊ मांडीवरची पेटी छातीशी धरायचे. ताई म्हणाल्या, "भाऊ, पेटीले बसवा सीटवर अन् तुमी खाली बसा. तिकीट तिचंच काढलं असतं तं बरं झालं असतं."

यवतमाळच्या स्टँडजवळ तर्रीपोहे खाऊन घ्या, नाट्यगृहाजवळ काही मिळत नाही. पुढं ऑटोनं जावं लागतं. भाडं आधी ठरवा.

मी वास्तुकला शिकलेलो नाही. स्टेज बांधता बांधता आणि मिळेल ते वाचून जे कळलं तेवढंच, पण ते पक्कं. इमारत साधी, काँक्रीटची. मागं एक उंच चौकोनी ठोकळा दिसतो. देवरावभाऊंना ती पाण्याची टाकी वाटली. तो रंगमंचावरचा मनोरा आहे. आख्खा पडदा न गुंडाळता सरळ वर उचलून लपवायचा, तर तेवढी उंची लागतेच. आत बसायची जागा घोड्याच्या नालेसारखी, वर गॅलरी. भिंतींवरच्या लाकडी पट्ट्या मुद्दाम कमीजास्त खोल बसवल्यात, म्हणजे आवाज एकदम उलटून येत नाही. मी ठोकून पाहिल्या. वादकांसाठी रंगमंचापुढं खड्डा आहे आणि त्याची जमीन वरखाली होते. देवरावभाऊ उतरले तर फक्त टोपी दिसत होती. शेजारी काळ्या भिंतींचं छोटं सभागृह आहे, तिथं खुर्च्या हव्या तशा मांडता येतात. तालमीची खोली मुख्य रंगमंचाच्याच मापाची. ज्याला हे सुचलं त्यानं नाटक केलेलं असणार. मात्र मेकअपच्या खोलीचं दार आत उघडतं, आणि नऊवारीतल्या बाईला खुर्ची सरकवल्याशिवाय बाहेर येता येत नाही. हे मी आम्हाला फिरवून दाखवणाऱ्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

मग ते वरच्या गॅलरीत शेवटच्या रांगेत जाऊन बसले. मीही शेजारी बसलो. खाली पेटी सुरू झाली, ताईंनी पद उचललं. सुरुवातीचे शब्द स्वच्छ आले.

इथं एक सांगायला हवं. जिनिंगच्या आवारात स्टेजच्या डाव्या हाताला टिनाचं मोठं शेड होतं. वरचा सूर आला की आमचा गायक डावीकडं वळायचा. आवाज टिनावर आदळून लोकांवर पडायचा. ही आमच्याकडची रीतच. ताई तशाच वळल्या. पण इथं डावीकडं विंगेत जाड काळं कापड होतं, एकामागं एक. सूर त्यात शिरला. आमच्यापर्यंत फक्त पेटी आली. मी उभा राहून हात हलवला, पण गाताना ताई कोणाकडं बघत नाहीत.

व्यवस्थापक सौजन्यानं म्हणाले की माइक घेतला तर छोट्या सभागृहाचं पाहता येईल, मुख्य रंगमंचाचं कठीण आहे. मी त्यांना टिनाचं सगळं समजावलं. ते पुन्हा ऐकायला तयार झाले. मी धावत खाली आलो.

"ताई, इथं टिन नाही. समोर बघून एकदा म्हणा, ते थांबलेत."

"वळली म्हून नाही गा, सुधाकर," ताई म्हणाल्या. "जिनिंगमंदी एवढा गलका राहे, मले माहा आवाज कधी ऐकूच आला नाही. इथं आला. गेला तो."

कापड आवाज कसा खातं ते मी सांगू लागलो. त्यांनी थांबवलं.

"तुले कापड समजते, मले गळा समजते. चाल आता."

स्टँडवर ताईंनी बर्फाचा गोळा घेतला. गळ्यासाठी इतकी वर्षं तोंडाला लावला नव्हता. सावकाश, पार काडी उरेपर्यंत खाल्ला.

नाट्यगृह उत्तम आहे, जरूर जा, आणि शक्यतो वरच्या गॅलरीत बसा. समोर तोंड करून गायलेला सूर तिथल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, यावर मी ठाम आहे. ती तारीख दुसऱ्या मंडळाला गेली. आमच्या मंडळातल्या कोणी विचारलं तर मी विंगेतल्या कापडाचं सांगतो, आणि लोकांना ते पटतं. देवरावभाऊ तेव्हा मान खाली घालून बसतात. त्या दिवशी ताईंच्या सगळ्यात जवळ तेच होते, खड्ड्यात, त्यांच्या पायाशी. त्यांना काय ऐकू आलं, हे मी अजून विचारलेलं नाही.