अकरा घरांचे शंख

समुद्र म्हणजे काय, हे मी जालना जिल्ह्यातल्या पोरांना जवळजवळ तीस वर्षं शिकवलं. त्यातली पहिली बारा वर्षं मी स्वतः समुद्र पाहिलेला नव्हता. राजूरच्या बाजूला एका खेड्यात माझी शाळा, राहायला जालना शहरात, मस्तगडात, रोज बसनं जाणं-येणं. फळ्यावर निळ्या खडूनं लाटा काढायच्या, वर चंद्र काढायचा आणि भरती-ओहोटी ठणकावून सांगायची. एखादा विचारायचा, "गुरुजी, ओहोटीचं पाणी जातं कुठं मंग?" मी म्हणायचो, "परीक्षेत येत न्हाई ते. बस खाली." आपल्याला एखादी गोष्ट ठाऊक नाही, हे कबूल करायची सवय मला कधी लागलीच नाही.

एक्क्याण्णव-ब्याण्णवची दिवाळीची सुट्टी असेल. पोरगी दहा वर्षांची, पोरगा सहाचा. आमच्या सुट्ट्या ठरलेल्या असायच्या. चार दिवस घनसावंगीला बायकोच्या माहेरी, एक दिवस राजूरचा गणपती, उरलेले दिवस मी पेपर तपासणार आणि पोरं माझ्याभोवती गुपचूप खेळणार. त्या वर्षी बायकोनं सुट्टी लागायच्या आधीच सांगून टाकलं, "अहो, पोरं मोठी होऊन राह्यली. एकदा तरी खरा समुद्र दाखवा. तुम्ही नुसता फळ्यावर दाखवता." टोमणा वर्मी लागला. दापोलीच्या पुढच्या एका गावात एका बाईंच्या घरी उतरायची सोय होती, तिथं मी पत्र टाकलं.

आम्ही समुद्रावर निघालोय ही बातमी गल्लीत पसरायला एक दुपार पुरली. ज्याला त्याला देवघरासाठी शंख हवा. शेजारच्या शिंप्यानं मशीन थांबवून सांगितलं, "मास्टरसाब, हमारे वास्ते बी एक लाना. कान को लगाए तो दर्या सुनाई देता बोलते." मी प्रत्येकाला मोठ्या तोऱ्यात "आणतो, बिलकुल आणतो" म्हणत गेलो. बायकोनं हिशेब केला तर अकरा घरं झाली. देवघरातला शंख दुकानात मिळतो, वाळूत सापडतात ते लहान असतात, एवढंही मला माहीत नव्हतं. मला वाटलं, समुद्र म्हटलं की शंखांचा ढीग पडलेला असणार.

रात्रभर बसनं पुण्यापर्यंत, पुढं घाटातून, पोरांना दोनदा उलटी झाली. पोचलो तेव्हा दुपार होती. सामान टाकून किनाऱ्यावर गेलो तर समोर नुसती ओली वाळू, आणि पाणी पार लांब, पाटीवरच्या रेघेएवढं. मी चिडून म्हणालो, "चुकीच्या जागी आणलं आपल्याला. हे कुठं समुद्रासारखं दिसतं?" पोरगी हळूच म्हणाली, "बाबा, ओहोटी असंल ना." बायको तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो, पण मनातून मला ते आवडलं नाही. माझ्याच पोरीनं माझाच धडा मला म्हणून दाखवला होता.

त्या पोरीचं एक होतं. तिला काही दिसलं की ते मला दाखवल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. "बाबा, बघा ना." घरी मुंगळ्यांची रांग असो की पत्र्यावर बसलेला भारद्वाज, "बाबा, बघा ना" झालंच पाहिजे. समुद्रावर तर तिला उसंत नव्हती. वाळूत बोटाच्या पेराएवढे खेकडे बिळातून बाहेर यायचे आणि वाळूच्या बारीक गोळ्या करून भोवती मांडायचे. तिनं त्या गोळ्यांची नक्षी मला ओणवं करून दाखवली. पांढऱ्या कुरव पक्ष्यांचा थवा आमची चाहूल लागली की एकदम उठायचा आणि थोडा पुढं जाऊन पुन्हा बसायचा. तो थवा उठू नये म्हणून ती भावाला धरून पंधरा-वीस मिनिटं पुळणीवर पालथी पडून राहिली. एकदा एका गरुडानं आमच्यासमोर पाण्यातून मासा उचलला, तेव्हा तिनं माझी बाही इतकी ओढली की शिवण उसवली. दोन दिवस मी खरंच सुखात होतो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा राहिलो, आणि बायको म्हणाली की तुम्ही अगदी बगळ्यासारखे दिसून राह्यले.

तिसरा दिवस शंखांचा. चौथ्या दिवशी सकाळी परत निघायचं होतं. ओहोटीला आम्ही चौघं वाकून-वाकून फिरलो. जेमतेम अंगठ्याएवढे शंख मिळत होते, पण मिळत होते. मी नाडीची कापडी पिशवी भरत चाललो. पोरगी आली आणि तळहात पुढं करून म्हणाली, "बाबा, बघा ना. हा चालून राह्यला." मी पाहिलं तेव्हा शंख गप्प पडलेला. ती म्हणाली, "याला पाय हायत. मी पाह्यले." आता माझ्या अंगात मास्तर संचारला. शंखात राहणारा प्राणी मऊ असतो, गोगलगाईसारखा, त्याला पाय नसतात, हे मी वर्षानुवर्षं शिकवत होतो. "शंखाला पाय नसतात," मी सांगितलं. "एखादा किडा शिरला असंल. झटकून टाक."

"किडा न्हाई, बाबा. आत जीव आहे."

"मी शिकवतो का तू?"

तिनं मूठ मिटली आणि पाण्याच्या दिशेनं गेली.

संध्याकाळी घराच्या पायरीवर मी पिशवी ओतली तर शंख निम्मेच. पोरगा लगेच म्हणाला, "ताईनं पाण्यात सोडले." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता वाटतं, राग शंखांचा नव्हताच. मी सांगितलेलं तिनं मानलं नव्हतं, त्याचा होता. मी तिला दंडाला धरून पुन्हा किनाऱ्यावर नेलं. बायको मागून म्हणत होती, "अहो, जाऊ द्या ना, उरलेले वाटू." मी ऐकलं नाही. पोरीला म्हणालो, "तू टाकलेस, तूच भरायचे. पिशवी भरल्याशिवाय घरी यायचं न्हाई."

तिनं भरले. उजेड होता तोवर ती वाकून शंख उचलत राहिली. आधी एकेक शंख उलटा करून आत डोकावायची, मोकळा असेल तोच घ्यायची. मी म्हणालो, "जल्दी कर." मग तिनं डोकावणं सोडलं. दिसेल तो शंख उचलून पिशवीत टाकायला लागली. रडत होती, पण आवाज करत नव्हती. मी कमरेवर हात ठेवून उभा होतो, परीक्षेत पर्यवेक्षक उभा राहतो तसा. माझ्या आयुष्यात मी पोरांना छड्या मारल्यात, कान पिळलेत, त्यातलं फारसं मला आठवतही नाही. तिचं ते डोकावणं बंद झालेलं मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

सकाळी मला लवकर जाग आली. ओसरीवर कसलीतरी करकर चालू होती. मला वाटलं उंदीर. बाहेर येऊन पाहिलं तर खुंटीखाली ठेवलेल्या पिशवीचं तोंड सैल झालं होतं आणि फरशीवर एक शंख चालत होता. खरोखर चालत होता. तांबूस, सांधे असलेले पाय, पुढं एक लहानशी नांगी, आणि पाठीवर शंख. मी बोट लावलं तसा तो आत ओढला गेला. पिशवीला कान लावला. आत सगळीकडे करकर. पुढं कधीतरी शाळेच्या कपाटातल्या एका पुस्तकात मी वाचलं की तो खेकडाच असतो, मेलेल्या प्राण्याच्या मोकळ्या शंखात घर करणारा. पण त्या सकाळी पुस्तकाची गरज नव्हती. पोरगी खरं बोलत होती हे मला उभ्या-उभ्या कळलं होतं.

बस नऊची होती. किनारा घरामागच्या नारळीच्या वाडीपलीकडं, पाच मिनिटांवर. मी जाऊन पिशवी ओतून आलो असतो तर कुणाची बस चुकणार नव्हती. मी पिशवी उचललीही. मग मनात आलं, रिकामी पिशवी दिसली की पोरगी विचारणार. मग तिला सांगावं लागणार. बापाला चूक कबूल करावी लागणार, तीही काल एवढा तमाशा केल्यावर. मी तो शंख चिमटीत धरून परत आत टाकला आणि नाडीला दोन गाठी मारल्या. मग तोंड धुवायला विहिरीवर गेलो. एवढंच केलं मी. करताना फार काही वाटलंही नाही, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

घाट चढेपर्यंत करकर ऐकू येत होती. मी पिशवी सीटखाली सरकवली. पुण्याच्या स्टँडवर आवाज थांबला होता.

जालन्यात शंख वाटले. सगळ्यांनी कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी गल्लीला वास सुटला. देवघरातून शंख बाहेर आले आणि एकेक जण हळूच आमच्या ओट्यावर ठेवून गेला. शिंपी बिचारा नाकाला रुमाल लावून आमच्या दारापाशी आला, शंख ठेवला आणि हसून परत गेला. बायको वैतागली. "असा कसा वास मारून राह्यले हो हे?" मी ओट्यावर उभा होतो, पोरगी दारात. मी म्हणालो, "हिनं नीट धुतले नसतील."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे पाहून म्हणाली, "हो."

सगळे शंख वर्तमानपत्रात गुंडाळून मी कुंडलिका नदीच्या पुलावरून खाली टाकून आलो. प्रकरण मिटलं असं समजलो.

त्यानंतर तिचं "बाबा, बघा ना" बंद झालं. एका दिवसात बंद झालं की हळूहळू, ते मला सांगता येणार नाही, कारण मी लक्षच दिलं नव्हतं. घर शांत झालं तेव्हा पोरगी शहाणी झाली म्हणून मी खुशच होतो. बारावीनंतर तिला काय शिकायचं होतं ते तिनं आईला सांगितलं, आईनं मला सांगितलं. लग्न तिनं आपलं आपण ठरवलं. मुलगा चांगला होता, विरोधाचा प्रश्नच नव्हता, पण ती बातमीही मला बायकोकडून कळली, जेवताना, भाकरी वाढता-वाढता. माझ्याशी ती कधी वाईट वागली नाही. विचारलेल्याचं बराबर उत्तर द्यायची, माझ्या औषधांची चौकशी करायची. आपणहून मात्र काही दाखवायची नाही.

मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्या वर्षी ती पुण्याहून माहेरपणाला आली. तिची पोरगी तेव्हा पाच वर्षांची. आमची पोरगी मे महिन्यात कोकणात जायचं ठरवत होती आणि आईला चल म्हणत होती. मला विचारलं नव्हतं. दुपारी बायको झोपली होती, पोरगी आतल्या खोलीत नातीचे फ्रॉक घड्या करत बसली होती. मी दारात जाऊन उभा राहिलो. इतक्या वर्षांनी धीर केला आणि सांगितलं, "बाई, त्या सकाळी मला कळलं होतं. शंखात जीव होता. मी पाह्यलं होतं. तुझं खरं होतं."

तिनं हातातल्या फ्रॉकची घडी पूर्ण केली. "मला माहीत आहे, बाबा. मी जागी होते. दारातून पाह्यलं. तुम्ही तो आत टाकला आणि गाठ मारली."

"मंग बोलली का न्हाईस?"

"मला वाटलं, तुम्ही सांगाल. बसमध्ये वाटलं. घरी आल्यावर वाटलं. आई विचारून राह्यली होती ना वास कशाचा म्हणून, तेव्हा तर पक्कं वाटलं, आता सांगाल."

"किती दिवस वाट पाह्यलीस?"

"दिवस कुठले? मंग माझं लग्नच झालं."

रागानं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. ती अगदी साधं बोलली आणि पुढचा फ्रॉक घेतला. मला माफी मागायची होती, शब्दही जुळवून ठेवले होते, पण एवढ्या वर्षांपुढं ते मलाच पोरकट वाटले. मग तीच म्हणाली, "तुम्ही पण या ना कोकणात. आईला बरं वाटंल." आणि माझ्याकडे न बघता, "फक्त माझ्या पोरीला काही शिकवू नका."

"बरं," मी म्हणालो.

मी गेलो. गाव दुसरं होतं. जावई आणि बायको पाण्यात होते, पोरगी थोड्या अंतरावर खडकावर बसली होती. मी सावलीत खुर्चीवर. नात वाळू उडवत धावत आली, माझ्या गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत उभी राहिली आणि बाजूच्या खाडीकडे बोट केलं. "आजोबा, ती बदकं बघा ना! ती पाण्यावर बसलीत, मग ओली होऊन बुडत का नाहीत?"

पक्ष्यांच्या पिसांना तेल कसं असतं, चोचीनं ते सगळ्या अंगाला कसं लावतात, पाणी वरच्या वर कसं ओघळतं, हे मी दरवर्षी सातवीला शिकवलं होतं. या एका उत्तरात माझी चूक होणार नव्हती. पोरीनं खडकावरून मान वळवली आणि आमच्याकडे पाहिलं.

"मला न्हाई माहीत," मी नातीला म्हणालो. "आईला विचार, जा."