पाळीमागचा धूर

घरच्या ग्रुपवर चुलतभावानं जुना फोटो टाकला आणि मला अक्षरशः किळस आली. धरणाची पाळ, पळसाला बांधलेली ताडपत्री, तिच्याखाली सतरंजीवर लोळणारे बाबा, काका आणि आम्ही पोरं. खाली ओळीनं सगळ्यांचं एकच, काय दिवस होते! मग ठरलंसुद्धा, येत्या रविवारी पुन्हा जायचं, अगदी तसंच, जुन्या पद्धतीनं. आणि शेवटी चुलतभावाचा लाडिक हट्ट, ‘रोडगे मात्र मोठ्याईच्याच हातचे!’

त्याची मोठ्याई म्हणजे माझी आई. तिचे दोन्ही गुडघे गेले आहेत. फोटोत ती नाही. कोपऱ्यात पाळीमागून थोडा धूर वर आलाय, त्याच्याखाली ती बसली असणार.

दिवाळीनंतर दरवर्षी आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जायचो, दोन रात्री राहायचो. बाबांचा नियम होता, रोडगे, म्हणजे कणकेचे ते जाड गोळे, घरच्याच गोवऱ्यांवर भाजायचे. म्हणून अर्ध्या ट्रॉलीत गोवऱ्या आणि त्यांना टेकून बायका. पुरुषांना पाळीवर हवा लागायची. त्या हवेत गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा आर टिकत नाही, म्हणून बायकांची जागा पाळीच्या अलीकडे, खालच्या खड्ड्यात. तिथं चिलटं, शिळ्या वांग्यांचा वास आणि डोळ्यांत जाणारा धूर. भांडी बाजूच्या पाण्याच्या पाटावर घासायची. पहिला घाणा पुरुषांचा, दुसरा पोरांचा. काकांची ढेकर खड्ड्यापर्यंत ऐकू यायची. बायकांच्या वाट्याला उरलेले, करपलेले. याला म्हणे सुखाचे दिवस! तूप ओरपून हनुवटीवरून ओघळू देणारे आम्ही, आठवणी काढायला पुढे.

माझं डोकं फिरलं. मी ग्रुपवर ठणकावून लिहिलं, ‘आई येणार नाही. ती कोणाची स्वयंपाकीण नाही.’ लिहून मोठ्या ऐटीत आईला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती.

“काऊन?” ती म्हणाली.

“काऊन म्हणजे? पुन्हा त्या धुरात बसायचं आहे का तुले?”

“बसाचं नाई. पन जायाचं हाये. तुले कोनं सांगतलं मी येनार नाई म्हून?”

कोणीच सांगितलं नव्हतं. विचारलंच नव्हतं. बाबाही असेच परस्पर ठरवून मोकळे व्हायचे आणि आईनं फक्त गोवऱ्या मोजायच्या. इतका वेळ फोटोतल्या माणसांची येणारी शिसारी आता माझ्याच अंगावर आली.

“काय आहे तिथं एवढं?” मी जरा वरमून विचारलं.

“मले धरनाचं पानी पाहाचं हाये.”

मला आधी कळलंच नाही. दरवर्षी जाणारी बाई, आणि पाणी पाहायचं राहिलंय?

“कधी पाळीवर चढली नाई तू?”

“कशी चढू? आरावरचे रोडगे कोन पलटवत होतं?” तिनं मेथीची जुडी झटकली. “तू आनत होता ना गुंडात भरून, तेवढंच पायलं.”

तो पाण्याचा पितळी गुंड मला आठवला. मी तो खड्ड्याच्या काठावर ठेवायचो. आई विचारायची, “लय मोठं हाये का रे पानी?” आणि मी ‘हो’ म्हणत पुन्हा पाळीवर पळायचो. माझे रोडगे गार व्हायचे ना.

मी ग्रुपवरचं पुसलं आणि नवीन लिहिलं, ‘आई येते आहे. ती पाळीवर बसेल. खड्ड्यात मी बसतो.’

“गोवऱ्या वाळलेल्या घेजो,” आई म्हणाली. “नाई तं धूर पाळीवर येते.”