पहूरच्या वाचकाला दिलेलं उत्तर

१९३७ सालच्या चैत्रात आमच्या जळगावच्या साप्ताहिकाचा मुद्रितशोधक दत्तू याचा उजवा डोळा कायमचा गेला. त्याला वेळेवर उपचार मिळाले नाहीत, एवढं सगळ्यांना माहीत आहे. का मिळाले नाहीत, हे मी दहा वर्षांत कोणाजवळ बोललेलो नाही — बायकोजवळही नाही. तुम्हाला सांगतो.

आधी माझ्या डोक्याविषयी सांगायला हवं. मी त्या साप्ताहिकात बातम्या लिहीत असे. तिशी उलटल्यापासून माझं डोकं दुखे — आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, कपाळाच्या मधोमध. वार, वेळ आणि किती तास दुखलं, हे मी एका वहीत लिहून ठेवी. मेंदूत काहीतरी वाढतंय अशी माझी खात्री होती. सकाळी उठल्यावर पहिलं काम, मान हलवून दुखतंय का ते पाहायचं. दुखत नसलं तरी भीती — आज का दुखत नाही?

कचेरीत याची थट्टा चाले. आमचे मालक आणि संपादक नाना सगळ्यांसमोर म्हणत, "अरे, तुझ्या डोक्यात काही असतं, तर ते तुझ्या बातमीत उतरलं नसतं का?"

अंकात आरोग्याचं एक सदर होतं. वाचक टोपणनावाने कार्डं पाठवत. त्यांचा गठ्ठा मी दर आठवड्याला धुळ्याला, देवपुरातल्या एका डॉक्टरांकडे धाडी. ते कार्डाच्या कडेलाच लाल शाईने उत्तर लिहून गठ्ठा परत करत. मी टोपणनाव आणि उत्तर एका कागदावर उतरवून खिळे जुळवणाऱ्याकडे देई. प्रश्न छापायचा नाही — कोणाला काय झालंय हे गावाला कळू नये म्हणून तसा रिवाज होता.

"चिंतातुर, मेहरूण" या नावाने मी स्वतः तीन वर्षांत अकरा कार्डं घातली होती. अकरा वेळा उत्तर आलं, शब्द थोडे इकडेतिकडे: काही झालेलं नाही. जागरण टाळा, पाणी प्या, काळजी सोडा.

त्या चैत्राआधीच्या पौषात माझं बारावं कार्ड परत आलं. उत्तर तेच. त्याच्या खालचं कार्ड "एक वाचक, पहूर" याचं होतं. सात ओळी, आणि प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीची बारीक तिरपी खूण. वाचून झालेल्या ओळीपुढे अशी खूण करायची सवय आमच्याकडे एकालाच होती, दत्तूला. पहूरला त्याचं कोणी नव्हतं; ओळख लपवायला नुसतं गावाचं नाव घेतलेलं. स्वतःच्या दुखण्याचं कार्डसुद्धा त्याने तपासून टाकलं होतं.

त्याने लिहिलं होतं: उजव्या बाजूचं डोकं दुखतं, डोळा लाल होतो, दिवेलागणीला धूसर दिसतं, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं. डॉक्टरांनी लिहिलं होतं: "ताबडतोब धुळ्याला येऊन डोळे दाखवा. एक दिवसही घालवू नका."

मला काय वाटलं? नाना धुळ्याला कचेरी उघडणार होते आणि तिथे दत्तूला पाठवायचं जवळजवळ ठरलं होतं. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, माझ्याच बातम्यांतल्या चुका काढणारा दत्तू. त्या जागेचा मत्सर होताच. पण त्यापायी मी हे केलं असं म्हटलं, तर ते खोटं होईल. मला हेवा वाटला तो त्याच्या डोकेदुखीचा. तीन वर्षं, बारा कार्डं, एक वही — आणि मला "काळजी सोडा". त्याने एकदाच विचारलं, आणि त्याला लाल शाईत "ताबडतोब". असा हेवा कोणाला वाटतो का? मला वाटला.

मी कागदावर दोन नावांची अदलाबदल केली. पहूरच्या वाचकाला पाणी प्यायला सांगितलं. "ताबडतोब" मी घेतलं.

दुसऱ्या दिवशी दत्तू ओलं प्रूफ हातात घेऊन माझ्या टेबलाशी आला. चिंतातुर कोण, हे आमच्या कचेरीत सांगावं लागत नसे. "भाऊ, हे तुमचंच ना? आम्ही आपले हसत बसलो, आणि हे खरंच निघालं." त्याचा चेहरा उतरला होता. मग आवाज खाली करून म्हणाला, "तुम्हाला दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं का?"

मी म्हणालो, नाही. ते खरं होतं.

त्याने श्वास सोडला. "मग ठीक शे," घरच्या अहिराणीत म्हणाला, आणि हसला. आपलं दुखणं वेगळं आहे, साधं आहे, असा त्याने अर्थ घेतला — घेताना मी पाहिलं. अंक अजून छापला नव्हता. दोन नावं बदलायला पाच मिनिटं लागली असती.

शुक्रवारी तोच मला धुळ्याला घेऊन गेला. नानांकडे रजाही त्यानेच मागितली. पारोळ्याच्या रस्त्याने जाताना मोटरीत त्याने मला सावलीची बाजू दिली आणि स्वतः तळहाताने उजवा डोळा झाकून उन्हात बसला. डॉक्टरांनी माझे डोळे तपासले. काही नव्हतं. हात धुता धुता त्यांनी विचारलं, "तो पहूरचा माणूस अजून आला नाही. त्याला उत्तर पोचलं ना?"

दत्तू दाराबाहेर बाकावर बसला होता. मी म्हणालो, "छापायला दिलंय."

डॉक्टरांना जायचा त्या आठवड्याचा अंक मी टपालात टाकला नाही. परतीच्या वाटेवर दत्तू खुशीत होता — "सुटलात, भाऊ!" माझं डोकं त्या दिवशी दुखलं नाही. वहीत तशी नोंद आहे.

चैत्रात एका दुपारी त्याला डोळ्यात कळ आली, उलट्या झाल्या. धुळ्याला नेईपर्यंत तीन दिवस गेले. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजवा गेलाच होता; डाव्यालाही तोच धोका होता, तो त्यांनी शस्त्रक्रिया करून राखला. पहूरच्या नावाने कार्ड आपणच घातलं होतं, हे दत्तूने त्यांना सांगितलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी मला काही विचारलं नाही. दत्तूनेही नाही.

ज्येष्ठात नानांनी धुळ्याची कचेरी माझ्याकडे दिली. मी अजून तिथेच आहे. दत्तू जळगावला एका डोळ्याने प्रुफं वाचतो आणि मला दर महिन्याला कार्ड पाठवतो. गेल्या आठवड्यात आलेल्या कार्डावर पाच ओळी आहेत, उजवीकडे खाली उतरत गेलेल्या. प्रत्येक ओळीपुढे खूण आहे. पहिली ओळ अशी: भाऊ, डोकं कसं शे?